छोट्या रेल्वेचे रंगकाम : ज्येष्ठांचे डोळे, हात आणि मन

निवृत्तीनंतर दिवस कसा घालवावा, असे विचारणाऱ्या ज्येष्ठांना आपण बहुधा ठरावीक उत्तरे देतो : सकाळी फिरावे, प्राणायाम करावा, चार पाने वाचावीत, नातवंडांत रमावे. ही उत्तरे योग्यच आहेत. परंतु ज्यांचे सारे आयुष्य हाताने काहीतरी घडविण्यात गेले, त्या सुताराला, फिटरला, शिवणकाम करणाऱ्या मावशींना, यंत्रदुरुस्ती करणाऱ्या काकांना ती पुरत नाहीत. त्यांच्या हातांना काम हवे असते. अशा हातांसाठी एक छंद मला विशेष मोलाचा वाटतो. रेल्वेची इंजिने, प्रवासी डबे आणि वाघिणी यांच्या लहान प्रतिकृती रंगविण्याचा हा छंद होय.

वैद्यकाच्या दृष्टीने या छंदाचे आणखी एक मोल आहे. इतके बारीक काम नियमित करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत, हातांत वा स्मरणात थोडा जरी बदल झाला, तरी तो लवकरच त्या छोट्या इंजिनावर उमटतो. घरच्यांनी तो ओळखला तर उपचाराला अवधी मिळतो. ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिला तर तो अवधी निघून जातो. प्रस्तुत लेखात मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. छंद कसा करावा, हे ओघाने येईलच.

आठवणीतील गाड्या

आसेगावातून रेल्वे जात नाही. गाडी गाठावयाची तर वाशीम, अकोला नाहीतर मूर्तिजापूर. तरीही आमच्या परिसरातील साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीच्या बोलण्यात रेल्वे वारंवार येते. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला येणारी आणि मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी नॅरोगेज गाडी, म्हणजे आपली शकुंतला, अनेकांनी अनुभवली आहे. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत धावत होते. त्यानंतर डिझेल इंजिन आले आणि गेल्या काही वर्षांत तर गाडीच थांबली. वाशीमवरून जाणारा अकोला-पूर्णा मार्गही पूर्वी मीटरगेज होता. २००८ साली तो ब्रॉडगेज झाला. म्हणजे आज पंचाहत्तरीत असलेल्या वऱ्हाडी माणसाने तीनही मापांचे रूळ, आणि कोळसा, डिझेल व वीज अशी तीनही प्रकारची इंजिने पाहिली आहेत. ही त्याची आठवण रंगकामाच्या टेबलावर फार उपयोगी पडते, कारण इंजिनाच्या कोणत्या भागावर काजळी साचते आणि कोठे तेल ओघळते, हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते.

काम किती बारीक असते?

जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या मापाला ‘एचओ’ म्हणतात. त्यात खरी वस्तू ८७ पट लहान करतात. आपल्या नेहमीच्या प्रवासी डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर असते. या मापात तो डबा साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. डब्यावरील दहा सेंटिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम सव्वा मिलिमीटरापर्यंत येते. रुळांचेही तसेच. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, ते येथे १९ मिलिमीटर होते, मीटरगेजचे साडेअकरा, आणि शकुंतलेचे ७६२ मिलिमीटरांचे अंतर पावणेनऊ मिलिमीटरांवर येते. सव्वा मिलिमीटराचे अक्षर बसविण्यासाठी डोळा, बोटे, मान, श्वास आणि चित्त या सर्वांना एकाच वेळी काम करावे लागते.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत परिचित स्थान म्हणजे पुण्यातील कोथरूडचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभारले आणि १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल, दिव्यांचे खांब, पूल आणि त्यांतून फिरणाऱ्या गाड्या असे एक छोटे शहरच तेथे पाहावयास मिळते. विदर्भातील वाचकांना खरी जुनी नॅरोगेज इंजिने जवळून पाहावयाची असतील, तर नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. रंगकाम सुरू करण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांना अशा ठिकाणी एकदा घेऊन जावे. सावकाश चालणे, पाहणे आणि आठवणी सांगणे या तिन्ही गोष्टी त्यांच्या प्रकृतीला मानवतात.

रंगकामाची रीत

भारतीय गाड्यांची तयार मॉडेल बाजारात थोडी मिळतात आणि महागही असतात. त्यामुळे आपल्याकडील अनेक हौशी मंडळी जाड पुठ्ठा, सनबोर्ड किंवा पातळ प्लॅस्टिक कापून डबे स्वतः तयार करतात. नवशिक्याने वाघिणीपासून आरंभ करावा. तिला खिडक्या नसतात, रंग बहुधा एकच, आणि थोडी चूक झाली तरी ती धुळीखाली झाकता येते.

डबा प्लॅस्टिकचा असेल तर प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, कारण बोटांचे तेल राहिले तर रंग धरत नाही. पुठ्ठ्याचा असेल तर नुसता कोरड्या ब्रशने झटकावा. मग प्रायमरचा पातळ हात द्यावा. तो वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. त्यानंतर मुख्य रंग एकाच जाड थरात न देता दोन-तीन पातळ थरांत द्यावा. दोन रंगांमधील सीमारेषेसाठी मास्किंग टेप लावावी. अक्षरे आणि क्रमांक हाताने लिहिता आले तर उत्तमच. नाहीतर पाण्यात भिजवून कागदावरून सरकवीत बसविण्याची छापील अक्षरे वापरतात. शेवटी संरक्षक वार्निश.

रंगांची निवड हाही आठवणींचाच भाग आहे. एके काळचे विटकरी तांबडे डबे, नंतरचे निळे डबे, आताचे लाल-करडे डबे यांवरून घरात वाद रंगतात, आणि ते रंगू द्यावेत. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली, तेव्हा तिचा एक संच चंदेरी रंगाचा व किरमिजी पट्ट्यांचा, तर दुसरा गडद निळा व सोनेरी रेघांचा होता. अशी माहिती नातवंडाने शोधावी आणि आजोबांनी रंगवावी. दोघांचीही संध्याकाळ चांगली जाते.

डोळे काय सांगतात?

साठीतील डोळ्याच्या पडद्यावर विशीतील डोळ्याच्या तुलनेने साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली लहान होते आणि नेत्रमणी पिवळसर होत जातो. म्हणून ज्येष्ठांच्या टेबलावर प्रकाश भरपूर हवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूने पांढरा दिवा असावा. तो डोळ्यांत थेट येऊ नये. चष्मा वाचनाचाच असावा आणि काम किती अंतरावर धरता, हे चष्म्याचा नंबर काढताना अवश्य सांगावे. वर्तमानपत्राचे अंतर आणि डब्याच्या खिडकीचे अंतर एक नसते.

नेत्रमणी पिवळा झाला की निळ्या छटा मंदावतात. गडद निळा आणि काळा यांत गल्लत होते. आजोबा आपल्या दृष्टीने अचूक निळा मिसळतात, आणि नातू म्हणतो, ‘हा तर फारच भडक झाला!’ अशा वेळी मोतीबिंदूची तपासणी करावी. विख्यात फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या उतारवयातील चित्रांत तांबड्या-तपकिरी छटा वाढल्या, त्यामागे मोतीबिंदू होता. १९२३ साली त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आज ही शस्त्रक्रिया बहुधा अल्पावधीत आणि सुरक्षितपणे होते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सारे जग निळसर भासते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

याहून गंभीर एक लक्षण आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका रुग्णाची हकिकत सांगतो. रेल्वेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या आसपासचे हे गृहस्थ पुठ्ठ्याचे डबे करीत. एकदा त्यांच्या सूनबाई त्यांना घेऊन आल्या. “डॉक्टरसाहेब, बाबांनी महिनाभर ब्रश हाती घेतला नाही जी. विचारलं तर म्हणतात, हात म्हातारा झाला.”

“बाबा, नेमकं काय बिघडतं?” मी विचारले.

“रेघ मी सरळच ओढतो जी. पण ते मधातच वाकडी दिसते. पट्टी लावून पाहिली, तर पट्टीच वाकडी दिसते.”

या शेवटच्या वाक्यात निदानाची दिशा होती. दोष हाताचा असता तर रेघ वाकडी झाली असती, पट्टी नव्हे. एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावयास सांगितले. डाव्या डोळ्याने चौकट सरळ होती. उजव्याने मध्यभागी लाटेसारखी. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो वयोमानाने झिजतो; त्यातील एका प्रकारात पडद्याखाली नवीन नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरू लागतात. या प्रकारात डोळ्यात विशिष्ट इंजेक्शने देऊन ऱ्हास रोखता येतो, मात्र उपचार लवकर सुरू व्हावा लागतो. त्यांना त्याच आठवड्यात रेटिनातज्ज्ञांकडे पाठविले आणि निदान तेच निघाले. गेलेली सर्व नजर परत आली नाही. पण उरलेली टिकली आहे, आणि ते आज आपले आपण हिंडतात-फिरतात. आणखी काही महिने सारेजण ‘हात म्हातारा झाला’ याच समजुतीत राहिले असते, तर इतके हाती लागले नसते.

ही तपासणी घरी कोणालाही करता येते. वाचनाचा चष्मा लावावा. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटींकडे, आधी डावा आणि मग उजवा डोळा झाकून, नेहमीच्या वाचनाच्या अंतरावरून पाहावे. रेघा वाकड्या, तुटक वा मध्ये पुसट दिसल्या, तर थांबू नये. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून एकेकच डोळा तपासावा. मधुमेह असणाऱ्यांनी त्रास नसला तरी दरवर्षी डोळ्याच्या पडद्याची तपासणी करावी. काचबिंदूत बहुधा दुखत नाही आणि कडेची नजर हळूहळू जाते. बाजूला ठेवलेली रंगाची बाटली वारंवार कलंडत असेल, तर त्याचाही विचार करावा.

हात काय सांगतात?

हाताला कंप सुटला म्हणजे कंपवातच झाला, असे नव्हे. ब्रश पुढे नेताना, कप उचलताना, सही करताना जो कंप येतो, तो बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’ या प्रकारचा असतो. तो दोन्ही हातांत असतो आणि पुष्कळदा घराण्यात इतरांनाही आढळतो. याउलट, हात मांडीवर निवांत असताना एका बाजूच्या बोटांना कंप येतो आणि ब्रश उचलताच तो कमी होतो, ही लकब कंपवाताची असू शकते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे दुसरे लक्षण तर छंदाच्या वहीतच सापडते. रंगांचे प्रमाण टिपून ठेवणाऱ्या माणसाचे अक्षर महिनोन्महिने बारीक होत जाते आणि ओळीच्या शेवटाकडे अधिकच आक्रसते. त्याच्या जोडीला हालचाल मंदावणे, चालताना एक हात न हलणे, वास न येणे अशी लक्षणे असतील तर तज्ज्ञांना दाखवावे. टर्पेंटाइनचा वास येईनासा झाला, अशी सहज केलेली तक्रारही डॉक्टरांना सांगावी.

कंपाची साधी कारणेही पुष्कळ असतात. थायरॉइडचा जोर वाढणे, दम्याचे पंप व गोळ्या, काही मानसिक वा फिटच्या आजारांवरील औषधे, अतिरिक्त चहा, अपुरी झोप, मद्य, आणि मधुमेहींमध्ये साखर उतरणे ही त्यांपैकी काही. जेवणाची वेळ टळून गेली आणि हात थरथरत घाम सुटला, तर आधी साखर तपासावी. तपासणीचे साधन नसेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर लगेच साखरपाणी द्यावे. कंपावरील गोळ्या शेजाऱ्याला लागू पडल्या म्हणून आपण घेऊ नयेत; त्यांतील एक नेहमीची गोळी दमेकऱ्यांना घातक ठरू शकते.

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन-तीन बोटे रात्री बधिर होऊन जाग येत असेल, आणि बारीक ब्रश बोटांतून निसटत असेल, तर मनगटातील नस दबलेली असू शकते. मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता असणाऱ्यांत हे अधिक दिसते. आरंभी रात्री मनगटाला पट्टा बांधूनही बरे वाटते. दुर्लक्ष केले तर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकतो.

मात्र काम करताना अचानक ब्रश गळून पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले वा एक बाजू लुळी पडली, तर तो पक्षाघात समजावा. रक्ताची गाठ विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आसेगावसारख्या ठिकाणाहून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासही त्यातच करावयाचा असतो. मालिश, काढा, ‘थोडे पडून बघू’ यांत एक मिनिटही घालवू नये. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून घ्यावी आणि जेथे सीटी स्कॅन होतो अशाच रुग्णालयात थेट न्यावे.

मन आणि स्मरण

असा छंद केल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. २०२४ साली लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत एकटेपणा, बहिरेपणा, नैराश्य, मधुमेह, रक्तदाब यांबरोबर उपचार न केलेले दृष्टिदोषही आहेत. त्यामुळे छंद जोपासावा, आणि त्याबरोबरच चष्मा, श्रवणयंत्र, साखर, रक्तदाब यांकडेही लक्ष द्यावे.

ब्रश कोठे ठेवला हे विसरणे साहजिक आहे. ब्रश कशासाठी असतो याचाच गोंधळ उडणे साहजिक नव्हे. अनेक वर्षे काम करणारा माणूस प्रायमर न देताच रंग देऊ लागला, वार्निशवर पुन्हा मूळ रंग चढवू लागला, तीच वाघीण तिसऱ्यांदा रंगवू लागला, तर कामाच्या पायऱ्यांची साखळी मनात तुटत असावी. अशा वेळी हसू नये आणि रागावूही नये. प्रथम तपासण्या कराव्यात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, नैराश्य, किंवा काही आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे मेंदूभोवती हळूहळू साचलेले रक्त यांमुळेही विसरभोळेपणा येतो, आणि यांवर उपचार आहेत.

नैराश्याची चाहूल निराळी असते. काम बिघडत नाही, थांबते. अर्धवट रंगविलेल्या डब्यावर धूळ बसते, आणि विचारले तर ‘मन लागत नाही’ एवढेच उत्तर मिळते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप व भूक बिघडली असेल, तर उपचार घ्यावेत. जोडीदाराच्या निधनानंतर हे विशेष पाहावे.

रंग, थिनर आणि काळजी

ज्येष्ठांनी शक्यतो पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगच वापरावेत. ते गावच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. थिनर आणि टर्पेंटाइनच्या वाफांनी डोके दुखते, गरगरते आणि दमा उसळतो. गाड्यांना मारावयाचे, दोन घटक मिसळून तयार होणारे फवाऱ्याचे रंग तर दमेकऱ्यांनी घरात आणूच नयेत. इतर फवारे वापरावयाचेच असतील तर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून आणि अल्पकाळच वापरावेत. कापडी रुमाल वाफा अडवीत नाही. घरात गॅस वा देवाजवळचा दिवा चालू असताना थिनरची बाटली उघडू नये.

थिनर पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. चुकून कोणी प्यायले तर उलटी करवू नये. उलटीवाटे ते फुप्फुसात जाते आणि खरा धोका तोच असतो. बाटली बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठावे. झटपट चिकटणाऱ्या डिंकाची छोटी बाटली आणि डोळ्यांत टाकण्याच्या औषधाची बाटली दिसावयास सारखीच असते. डोळ्यांत डिंक पडल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून या दोन वस्तू एका खोलीतही ठेवू नयेत. पापण्या चिकटल्या तर ओढू नयेत. पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे. हाच डिंक कापसावर वा सुती कापडावर सांडला तर ते तापून भाजते, म्हणून तो कापसाने पुसू नये.

घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचे जुने डबे फडताळात पडले असतील तर ते वापरू नयेत. जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा. डाख देण्याच्या तारेतही शिसे असते. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, कामाच्या टेबलावर चहा-बिस्किटे ठेवू नयेत आणि ब्रशचे टोक ओठांनी सरळ करू नये.

पातळ सुरीने कापताना पाते शरीरापासून दूर न्यावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर कापलेली जागा स्वच्छ कापडाने सलग पंधरा मिनिटे दाबून धरावी. मध्ये उघडून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही तर दवाखान्यात यावे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना विचारावे. मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी काम संपल्यावर बोटे आणि तळपायही पाहावेत. खाली पडलेले पाते पायात रुतलेले कळत नाही.

बैठक

खुर्चीला पाठ असावी, पाय जमिनीला टेकावेत, कोपरे टेबलावर विसावावीत. डबा हातात धरण्याऐवजी लहान लाकडी ठोकळ्यावर बसवून छातीच्या उंचीला आणावा, म्हणजे मान झुकत नाही. अर्ध्या तासाने उठावे, घोट्यांची हालचाल करावी, दूर पाहावे आणि पापण्यांची मुद्दाम उघडझाप करावी. बारीक कामात आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. डोक्याला लावायचे भिंग काढल्याशिवाय खुर्चीतून उठू नये. त्यातून जमीन जवळ भासते, पाऊल चुकते, आणि खुब्याचे हाड मोडते. दिव्याची वायर वाटेत नसावी. भिंग खिडकीच्या उन्हात ठेवू नये; त्याने कापड वा कागद पेटू शकतो.

घरच्यांसाठी

हात थरथरू लागला वा नजर उणावली, म्हणजे छंद संपला असे समजू नये; कामाचा प्रकार बदलावा. लहान मापाऐवजी मोठे माप घ्यावे. ‘ओ’ माप साधारण ४५ पटींचे असते, आणि ‘जी’ माप त्याहून मोठे. त्यातील डबे हातात भरून येतात. ब्रशच्या दांड्याला कापड वा फोम गुंडाळून तो जाड करावा. दोन्ही मनगटे टेबलाला टेकवावीत. अक्षरे नातवाने बसवावीत.

त्याहून सोपा आणि आनंदाचा भाग म्हणजे नव्या मॉडेलला जुने रूप देणे. कोळशाच्या इंजिनावर काजळी, चाकांवर धूळ, वाघिणीच्या तळाशी गंज. रंगीत खडूची भुकटी मऊ ब्रशने थोपटून किंवा स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून टिपून हे करता येते. धुळीला सरळ रेघ लागत नाही. थरथरत्या हाताने टिपलेला गंज पुष्कळदा अधिक खरा वाटतो. ज्यांची हकिकत वर सांगितली, ते बाबा आता हेच करतात. रेघा नातू ओढतो. भुकटी उडत असल्याने दमेकऱ्यांनी मात्र ओल्या स्पंजाचाच वापर करावा.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना एका वेळी एकच पायरी द्यावी. त्या पायरीला लागेल तेवढेच सामान समोर ठेवावे, सुरी आणि डिंक ठेवू नये. ‘हे चुकले’ असे म्हणण्याऐवजी ‘ही गाडी कोठे जात होती?’ असे विचारावे. डबा हिरवा झाला तर होऊ द्यावा. सांभाळ करणाऱ्या व्यक्तीनेही त्या अर्ध्या तासात शेजारी बसून नुसते पाहावे. तिलाही तेवढी विश्रांती मिळते.

एक सवय सर्वांनी लावून घ्यावी. पूर्ण झालेल्या प्रत्येक डब्याखाली तारीख लिहावी, आणि दर महिन्याला वहीच्या एका पानावर तीच एक ओळ लिहून त्याखाली एक सरळ रेघ काढावी. पुढच्या तपासणीला येताना गोळ्यांच्या पिशवीबरोबर ती वही आणि सर्वांत अलीकडचे दोन डबे घेऊन यावे. हातात, डोळ्यांत वा स्मरणात काही बदलत असेल, तर त्यावरून आम्हां डॉक्टरांना ते लवकर उमगते.